दोनशे सतरावा तुकडा

काचेवर टकटक झाली. ताईंनी मान वर केली नाही.

"ताई, चाळीस मिनिटं झाली," भिंतीवरच्या भोंग्यातून मिस्त्रींचा आवाज खरखरत आला. "बाहेर या आता. नाहीतर तुम्हालाच पिशवीत घालून नंबर टाकायची वेळ यायची माझ्यावर."

"आलेच. दोन मिनिटं."

"मघाशीही दोनच म्हणालात."

उणे वीस अंशांच्या त्या खोलीत एका दमात चाळीस मिनिटांपेक्षा जास्त थांबायचे नाही, हा नियम होता. आत माणूस असेपर्यंत बाहेर दुसऱ्याने काचेशी बसून राहायचे, हाही नियम. थंडीची यंत्रे सांभाळणारे मिस्त्री सोळा वर्षे त्या काचेशी बसत आले होते आणि ताई एकोणतीस वर्षे आत जात होत्या. वेळ झाली की मुकाट्याने बाहेर येणारी बाई अशी त्यांची ख्याती. आज मात्र त्यांचे पाय टेबलापासून हलेनात.

टेबलावर बर्फाचे तीन तुकडे ओळीने मांडलेले होते. प्रत्येक हातभर लांब, पोटरीएवढा जाड आणि ओंडका चिरावा तसा मधोमध उभा चिरलेला. दोनशे सोळा, दोनशे सतरा, दोनशे अठरा. जुनी खोकी ओलीने मऊ पडली होती, म्हणून गेला महिनाभर ताई एकेक तुकडा नव्या खोक्यात भरत होत्या. भरताना शेजारचे तुकडे टोकाला टोक लावून पाहायचे, ही त्यांची सवय. ध्रुवाजवळच्या बर्फात भोक पाडून तो लांबच लांब गाभा वर काढताना जिथे जिथे तुटला होता, तिथे प्रत्येक भेगेला स्वतःचा आकार होता. सोळाचे खालचे टोक तिरके तुटले होते, मधे एक उंचवटा होता. सतराच्या वरच्या टोकाला तसाच खळगा हवा होता. तो नव्हता. टोक जवळजवळ सपाट होते.

पिशवीवर 'वर' दाखवणारा बाण काळ्या शाईत काढलेला होता. हात ताईंचाच.

त्यांनी सतरा उचलला, जागच्या जागी उलटा फिरवला आणि सोळाला टेकवला. तो बसला. कडेचा एक टवका उडालेला होता, पण बाकी असा बसला की भेग दिसेना. मग दुसरे टोक अठराला लावले. तेही बसले.

त्यांनी तुकडा पुन्हा बाणाप्रमाणे ठेवला, जणू कुणी पाहत होते. मग तिन्ही तुकडे पिशव्यांत सरकवून त्या बाहेर आल्या.

"काय झालं?" मिस्त्रींनी चहाचा पेला पुढे केला. "चेहरा का असा?"

"डोकं जड झालंय."

"टोपी घट्ट बांधता तुम्ही. मी कधीचं सांगतोय."

ताईंनी पेला दोन्ही हातांत धरला आणि समोरच्या भिंतीकडे पाहिले. भिंतीवर आकडेबुवांनी लावलेला लांब कागद होता. आकडेबुवा म्हणजे वरच्या मजल्यावरचे संशोधक. वय अडतीस, अंगाने काटकुळे, बोलताना सतत हवेत रेघा मारणारे. नाव मिस्त्रींनी ठेवले आणि ते सगळ्या इमारतीत रुजले. तिकडे पडलेला बर्फ वितळत नाही, एका वर्षाच्या थरावर दुसऱ्या वर्षाचा थर बसत जातो. गाद्यांच्या चळतीत खालची गादी जशी दबून पातळ होते तसे खालचे थर दबत जातात. ते किती दबले याचा हिशोब मांडून, कोणत्या वर्षी खरा किती बर्फ पडला होता हे शोधून काढायचे, हे आकडेबुवांचे काम. त्यासाठी गाभ्याची पट्टी वितळवून थेंबाथेंबाने तपासायची. आणि ती पट्टी कापून, तिच्यावर बाण काढून वर पाठवायची, हे ताईंचे.

भिंतीवरच्या कागदात दोनशे सतरावा तुकडा लाल चौकटीत होता. सहा महिन्यांपूर्वी आकडेबुवांनी स्वतः समजावले होते: "हे बघा ताई, हा उंच काटा. कुठेतरी मोठा ज्वालामुखी फुटला, त्याचं आम्ल बर्फासोबत खाली आलं. आणि त्याच्यानंतर ही बघा, आठ वर्षं. थर किती बारीक. ज्वालामुखी फुटला आणि बर्फ पडायचाच कमी झाला. हे आजवर कुणी दाखवलेलं नाही."

मिस्त्री पंपाचा आवाज ऐकायला मागे गेले, तेव्हा ताईंनी कागदाच्या खालच्या टाचण्या काढल्या, कागद खिडकीकडे उचलला आणि मागच्या बाजूने उजेडात पाहिला. उलटा. आठ बारीक वर्षे आधी आली. ज्वालामुखी नंतर.

बर्फ आधीच कमी झाला होता. ज्वालामुखीचा त्यात काही हात नव्हता.

त्यांनी टाचण्या परत जुन्याच भोकांत लावल्या.

कपाटात जुन्या वह्या होत्या. हा गाभा कापला तेव्हाची, अकरा वर्षांपूर्वीची वही त्यांनी काढली आणि उभ्या उभ्याच पाने उलटली. त्यांना काहीतरी सापडायला हवे होते. सासूबाईंचे ऑपरेशन, लेकीचा ताप, निदान वीज गेल्याची नोंद. त्या दिवसाखाली लिहिले होते: 'मंगळवार. सकाळी दोन तुकडे (२१६, २१७), दुपारी तीन. पाते बदलले. ठीक.' सासूबाईंचे ऑपरेशन पुढच्या वर्षीचे निघाले. लेक त्या आठवड्यात सहलीला गेली होती आणि मजेत होती. ताई कितीतरी वेळ त्या 'ठीक'कडे पाहत राहिल्या. चुकायला काही कारणच नव्हते. एक साधा मंगळवार होता आणि त्यांनी तुकडा पिशवीतून काढून उलटा ठेवला होता. जोड जुळवून पाहायचा नियम तेव्हाही होता. पाहिला नसेल, किंवा पाहून जुळतोय असे म्हटले असेल.

आणि हा एक असेल, तर आणखी किती?

एकोणतीस वर्षांत त्यांच्या करवतीखालून गेलेले हजारो तुकडे, प्रत्येकावर त्यांचा बाण.

"ताई! आहात का?" जिन्यावरून धाडधाड पावले वाजली आणि आकडेबुवा आत आले. हातात कागदांचा गठ्ठा. "हात पुसा आधी आणि मग हे बघा. छापायला चाललाय लेख. शेवटची तपासणी. इथे, पहिल्या पानावर."

लेखाच्या नावाखाली आठ नावे होती. सातवे ताईंचे होते, महिन्यापूर्वी त्यांनी कबूल केले होते तसे.

"आभारात घालायचं म्हणत होते सगळे," आकडेबुवा म्हणाले. "मी म्हटलं, नाही. ज्या बाईने चारशे बारा तुकडे कापले ती आभारात कशी? तुमच्या नावाचं स्पेलिंग बरोबर आहे ना ते तेवढं सांगा."

ताईंनी नाव वाचले. पुन्हा वाचले. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"गुरुवारी मुलाखत आहे माझी. कायमच्या जागेची. नऊ वर्षं झाली वर्षावर्षाच्या कागदावर सह्या करतोय. या वेळी हा लेख हातात आहे म्हणून जरा धीर वाटतोय." ते हसले. "तुम्ही काही बोलत का नाही?"

"अरे, चांगलंच आहे की. मी काय बोलू?"

ते गेले. ताईंनी वही कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावले. त्या कपाटाला कधी कुणी कुलूप लावले नव्हते.

घरी नवरा कपड्यांच्या घड्या घालत बसला होता. बस चालवण्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून हे काम त्याने अंगावर घेतले होते आणि तो घड्या ताईंपेक्षा सरळ घालत असे.

"लेकीचा फोन आला होता," तो म्हणाला. "तिच्या सासूबाईंनासुद्धा सांगितलंन तिने. आईचं नाव छापून येणार म्हणून. त्यांनी विचारलं, कशाबद्दल? ती म्हणाली, बर्फाबद्दल. त्या म्हणाल्या, बर्फाबद्दल काय छापायचं?"

ताईंनी हसू आणायचा प्रयत्न केला. मग त्या चादरीचे दुसरे टोक धरून त्याच्यासमोर बसल्या आणि सगळे सांगून टाकले. सांगताना चादर दोघांच्यामध्ये ताणलेलीच राहिली.

नवऱ्याने शांतपणे ऐकून घेतले. "माणूस मेला का कुणी यात?"

"नाही."

"पूल बिल पडणार आहे?"

"अहो, पूल कसला? बर्फ आहे तो."

"मग मी आपला विचारतोय. किती वर्षांचा फरक पडतो?"

"फरक वर्षांचा नाही. आधी काय आणि नंतर काय, याचा आहे."

"त्या पोराची नोकरी जाईल?"

"मिळणार नाही."

"आणि तुझं काय होईल? निवृत्तीला आठ महिने राहिलेत."

"मला काढणार नाहीत. पण..." ताईंनी चादरीकडे पाहिले. "माझ्या हातून गेलेलं सगळंच पुन्हा बघतील. मीच बघेन."

"आज सांगितलंस त्याला?"

"तोंडच उघडेना."

नवऱ्याने आपल्याकडचे टोक पुढे आणून त्यांच्या हातातल्या टोकाला मिळवले. "जेवून घे आधी," तो म्हणाला. पण ताईंनी अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली, आणि त्यानेही दुसऱ्यांदा काही वाढून घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ताई नेहमीच्या वेळेआधी पोहोचल्या. मिस्त्री आलेलेच होते. त्यांनी पाटीवर वेळ लिहिली आणि ताई आत गेल्या.

रात्रभर त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, आणि ती इतकी सोपी होती की तिची भीती वाटावी. खोके भरताना तुकड्याची मोडकी टोके करवतीने सरळ करून घेण्याची मुभा होती. चुरा पडतो, पिशवी फाटते, म्हणून. दोनशे सतराच्या दोन्ही टोकांवरून पाते एकदा फिरवले की तिरकेपणा गेला, खळगा गेला. मग तो कुठल्याच बाजूने कुणालाही काही सांगू शकणार नव्हता. मोजायला दिलेला अर्धा कधीच वितळून गेला होता. उरला होता तो हा राखीव अर्धा, पुढे कधीतरी येणाऱ्या माणसांसाठी ठेवलेला.

त्यांनी तुकडा करवतीच्या टेबलावर ठेवला. बटण दाबले. पात्याची पट्टी गरगर फिरायला लागली आणि खोलीभर तो ओळखीचा चिरका आवाज भरला. एकोणतीस वर्षे या आवाजात त्यांना बरे वाटत आले होते. तुकडा पात्यापासून चार बोटांवर होता.

आकडेबुवांची मुलगी सहा वर्षांची होती. तिचे एक चित्र वरच्या खोलीत चिकटवलेले होते. त्यात तिचे बाबा एका पांढऱ्या डोंगरावर उभे होते आणि त्यांच्या हातात पट्टी होती. बायको दुसऱ्या गावी नोकरी करत होती, कारण याची जागा कधी पक्की होईल याचा भरवसा नव्हता. ताईंना हे सगळे ठाऊक होते. टोके सरळ केली तर कोणाचे काय जाणार होते? तो ज्वालामुखी फुटून शेकडो वर्षे झाली होती.

त्यांनी तुकडा दोन बोटे पुढे सरकवला. पात्याच्या वाऱ्याने टोकावरची भुकटी उडाली. त्या थांबल्या. तसाच तुकडा धरून त्या उभ्या राहिल्या, आणि मग एका हाताने बटण बंद केले. हे त्यांनी विचार करून केले असे म्हणता येणार नाही. त्यांच्या हाताला चांगला बर्फ उगाच कापायची सवय नव्हती, एवढेच.

त्या बाहेर आल्या, अंगातला जाड कोट न काढताच जिना चढल्या आणि आकडेबुवांच्या दारात उभ्या राहिल्या.

"अरे, खाली ये जरा. एक दाखवायचंय."

"आत्ता? ताई, मी मुलाखतीची तयारी करतोय."

"त्याच्यासाठीच ये."

मिस्त्रींनी आपला कोट आकडेबुवांना दिला. तो त्यांना गुडघ्यापर्यंत आला. आत ताईंनी तीन तुकडे मांडले, काही न सांगता बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "जुळवून बघ."

आकडेबुवांनी बाणाप्रमाणे लावून पाहिले. मग थोडे फिरवून. मग त्यांनी ताईंकडे एकदा पाहिले, तुकडा उलटा केला आणि लावला. त्यांचे हात तिथेच राहिले. त्यांच्या तोंडातून वाफ यायची थांबली, इतका वेळ त्यांनी श्वास रोखून धरला.

"कधी कळलं?"

"काल सकाळी."

"काल मी तुम्हाला पान दाखवलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तुम्ही म्हणालात, बरोबर आहे."

"नाव बरोबर आहे म्हणाले मी," ताई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो याची त्यांना लाज वाटली. "चुकलं माझं. तेव्हाही चुकलं आणि कालही."

आकडेबुवा भिंतीशी जाऊन उभे राहिले. "मला त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना उडी दिसली होती," ते म्हणाले. "आकडे एकदम खालीवर झाले होते. मी म्हटलं, तुटलाय तिथे, त्यामुळे असेल. सरळ करून घेतली मी रेघ. मला तशी हवी होती ना. ताई, शुक्रवारी सांगितलं असतंत तरी चाललं असतं हो. अकरा वर्षं थांबलं ते. तीन दिवस आणखी थांबलं नसतं?"

ताईंनी तिन्ही तुकडे परत पिशव्यांत सरकवायला घेतले.

"गुरुवार होऊ दे," आकडेबुवा म्हणाले. "कुणाला बोलू नका. गुरुवारी दुपारनंतर मी स्वतः जाऊन मोठ्या बाईंना सांगतो. एवढं करा माझ्यासाठी."

मोठ्या बाई म्हणजे संस्थेच्या संचालक. त्यांच्यापुढे उभे राहायचे म्हणजे ताईंना घाम फुटे. तरीही आत्ता वर जाऊन सांगणे हे थांबण्यापेक्षा सोपे होते.

"बरं," ताई म्हणाल्या.

बुधवार त्यांनी कसा काढला हे त्यांनाच माहीत. खोके भरताना प्रत्येक जोड त्या थांबून पाहत. जुळला की पुढचा. दोनशे एकोणीस, वीस, एकवीस. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली तरी त्या दचकत. आपली चूक आता आपली एकटीची राहिली नाही, दुसऱ्या माणसालाही आपण मूग गिळून बसायला लावले, हा विचार त्यांना दोनशे सतराव्या तुकड्याहून जड जात होता. 'बरं' म्हणायला नको होते. पण 'नाही' तरी कुठल्या तोंडाने म्हणायचे होते?

"काल तुम्ही करवत चालू केलीत आणि नुसत्या उभ्या राहिलात," मिस्त्री अचानक म्हणाले. "चार मिनिटं. मी घड्याळ लावून बसतो, मला कळतं."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिले.

"वीज फुकट घालवलीत," मिस्त्री म्हणाले आणि पेल्यात चहा ओतला.

गुरुवारी साडेअकराची मुलाखत होती. ताई आत गेल्याच नाहीत. बाहेरच्या खोलीत त्यांनी हातमोजे तपासले, पिशव्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. साडेबारा झाले. एक वाजायला आला तेव्हा जिन्यावर पावले वाजली, पण धाडधाड नव्हे. आकडेबुवा आत आले आणि स्टुलावर बसले. गळ्यातला टाय त्यांनी ओढून सैल केला.

"झाली?" मिस्त्रींनी विचारले.

"झाली. पहिलाच प्रश्न. म्हणाले, तुमचा सगळ्यात महत्त्वाचा निष्कर्ष कोणता."

ताईंच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "मग?"

"मी म्हटलं, परवापर्यंत एक होता."

मागे पंप घरघरत होता.

"ठरवून नव्हतो गेलो," आकडेबुवा म्हणाले. "जिना चढेपर्यंत वेगळंच ठरलं होतं. पण तोंडातून ते आलं, आणि एकदा आल्यावर काय, सगळंच सांगितलं. मोठ्या बाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, चूक कुणी शोधली? मी म्हटलं, करवतीवरच्या ताईंनी. त्या म्हणाल्या, आणि केली कुणी? मी म्हटलं, कापण्यातली त्यांनी, मोजण्यातली मी." ते थोडे हसले. "मुलाखत समितीतले एक सभासद तर हळूच माझ्यासमोर पाण्याचा ग्लासच सरकवायला लागले. म्हणजे बघा, चेहरा कसा झाला असेल."

मिस्त्रींनी त्यांना चहा दिला. तो त्यांनी गरम असतानाच घशात ओतला आणि डोळ्यांत पाणी आले ते चहाने आले असे दाखवले.

जागा दुसऱ्याला मिळाली. लेख मागे घेतला. मोठ्या बाईंनी ताईंना बोलावले, बसायला सांगितले आणि एकच विचारले, "बाकीचे?" ताई म्हणाल्या, "मी सगळे बघते." सात आठवडे लागले. चारशे बारा तुकड्यांचे चारशे अकरा जोड. ताईंनी प्रत्येक जोड दोनदा पाहिला, आणि दर वेळी शेजारी कुणीतरी उभे असावे असा आग्रह धरला; बहुतेक वेळा आकडेबुवाच येत. त्यांच्या कराराचे तेवढेच दिवस उरले होते. दुसरा एकही तुकडा उलटा निघाला नाही. पण नऊ जोडांची टोके पार चुरा झालेली होती, त्यांच्याविषयी काहीच म्हणता येईना. ताईंनी ते नऊ आकडे वेगळ्या पानावर लिहिले आणि पुढे लिहिले, 'सांगता येत नाही'. असे वाक्य त्यांच्या वहीत पहिल्यांदाच आले.

दोनशे सतराची मोजणी पुन्हा करायची, तर राखीव अर्ध्यातून आणखी एक पट्टी काढणे भाग होते. तो अर्धा त्याने आणखी बारीक होणार, आणि गेलेला बर्फ पुन्हा मिळणार नाही, हे सगळ्यांना माहीत होते. दुसऱ्या कुणाकडून कापून घ्यावी असे ताईंनी सुचवले. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमच्याइतकी पातळ पट्टी कुणाला काढता येते? तुम्हीच काढा." ताईंनी काढली. नेहमीपेक्षा निम्म्या जाडीची. हात अजिबात हलला नाही.

आकडेबुवांचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. बायकोच्या गावी एका शाळेत शिकवायचे काम मिळाले होते. खोलीतले सामान त्यांनी सकाळीच बांधले, मुलीचे चित्र पुस्तकांच्या मध्ये सपाट ठेवले. तेवढ्यात नव्या मोजणीचा कागद आला. त्यांनी तो बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार पेले ठेवले आणि ताईंना एक पेन्सिल दिली.

"तुम्ही वेगळं मोजा, मी वेगळं. एकमेकांचं बघायचं नाही."

दोघेही वाकून रेघेवरचे उंचवटे मोजू लागले. दर उंचवट्याला एक उन्हाळा, दर उन्हाळ्याला पेन्सिलीची एक बारीक खूण. आठ बारीक वर्षे आली. त्यानंतर आम्लाचा काटा, आता आपल्या जागी. मग रुंद वर्षे, पुष्कळ बर्फाची.

"सगळी मिळून किती?" आकडेबुवांनी विचारले.

"अकरा. तुझे?"

"बारा."

फरक एकाच ठिकाणी होता. काट्याच्या पुढे, रुंद वर्षांत, रेघ जराशी फुगली होती. ते स्वतंत्र वर्ष होते की आधीच्याच वर्षात येऊन गेलेले एखादे वादळ, हे सांगणे कठीण होते. ताईंनी चष्मा कपाळावर चढवला, कागदाला नाक लावले, चष्मा पुन्हा खाली घेतला.

"तुमचं धरू," आकडेबुवा म्हणाले. "अकरा. तुमची नजर माझ्यापेक्षा तयार आहे."

"नको."

"अहो, एका वर्षाने काय होतंय? मी आता इथे नसणार. तुमचंच राहू द्या."

"माझं नको, तुझंही नको. दोघांना दिसतं ते वेगळं आहे ना? मग काय लिहितात अशा वेळी?"

"अर्धं वर्ष धरतात. अर्धं अधिक, अर्धं उणं."

"मग अर्धं धर."

आकडेबुवांनी त्या फुगवट्याखाली प्रश्नचिन्ह काढले आणि वहीत साडेअकरा लिहिले. खाली तारीख घातली. सही केली, वही ताईंकडे सरकवली, आणि ताईंनीही सही केली. बसची वेळ होत आली होती. मिस्त्री एक खोके खांद्यावर घेऊन केव्हाच पुढे गेले होते. दुसरे आकडेबुवांनी उचलले आणि दारात ते थोडे अडखळले, काही बोलायचे असल्यासारखे. पण खोके जड होते.

"जा," ताई म्हणाल्या. "बस चुकेल."

पावले दाराबाहेर गेली, अंगणात उतरली, ऐकू येईनाशी झाली. ताईंनी कागदाच्या कोपऱ्यांवरचे चार पेले एकेक करून उचलले. कागद हळूहळू आपल्याआपण गुंडाळला गेला, आणि त्यांनी तो पुन्हा हाताने सरळ करून धरला.